टूल बनवलंत, आता त्याची माहिती नीट लिहा

2025 च्या फेब्रुवारीत द्राक्ष बागायतदारांच्या एका मंडळाची यादी तपासताना मला एका बागेचा गट क्रमांक दिसला: 45728. ते गाव मी ओळखते. तिथे गट क्रमांक हजारापर्यंतही जात नाहीत. मूळ सातबारा काढून पाहिला, तर त्यावर स्वच्छ लिहिलं होतं 12/3. बाराव्या गटाचा तिसरा हिस्सा.

काय झालं ते समजायला अर्धा तास गेला. यादी भरायचं काम एका एआय एजंटला दिलं होतं. शेतकऱ्यांनी पाठवलेले कागद तो वाचायचा आणि एका छोट्या टूलमार्फत गूगल शीटमध्ये ओळी लिहायचा. टूलने 12/3 शीटकडे दिलं. शीटने ते 12 मार्च असं वाचलं आणि तारीख म्हणून ठेवलं. गूगल शीट्स आतून तारीख ठेवतं ती 30 डिसेंबर 1899 पासून किती दिवस झाले या आकड्यात. 12 मार्च 2025 चा आकडा येतो 45728. पहिल्या शीटवरून दुसरी यादी बनवताना एजंटने आतला आकडा उचलला आणि गट क्रमांकाच्या रकान्यात ठेवून दिला.

137 बागांच्या यादीत अशा 41 नोंदी होत्या. 118/2 सारखे क्रमांक तारखेत बसत नाहीत म्हणून ते शाबूत राहिले होते. 7/12, 4/1, 9/5 असे सगळे बदलले होते. युरोपला द्राक्षं पाठवायची तर प्रत्येक प्लॉटची नोंदणी लागते, आणि त्या नोंदणीत गट क्रमांक चुकला तर माल कुठल्या बागेचा हे सांगता येत नाही. हंगाम ऐन भरात होता.

टूल मंडळातल्याच एका शेतकऱ्याच्या मुलाने बनवलं होतं. इंजिनिअरिंग झालेला, हुशार, मनापासून काम करणारा मुलगा. दोन संध्याकाळी बसून त्याने ते लिहिलं, कुणाकडून पैसा घेतला नाही. मी त्याला फोन केला.

"एजंटला या टूलबद्दल काय सांगितलंयस?"

"काकू, नाव दिलंय, वर्णन दिलंय, काय काय पाठवायचं ते दिलंय. बाकी सगळं कोडमध्ये आहे की."

"कोड तू वाचतोस. एजंट वाचतो का?"

तो थोडा थांबला. "नाही. त्याच्याकडे फक्त वर्णन जातं."

वर्णन होतं तीन शब्दांचं: शीटमध्ये डेटा लिहितो.

मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम केलं आहे, म्हणून हे आवाहन करायचा मला अधिकार आहे असं समजते. आज गावोगावी, सोसायट्यांत, शाळांत, बचत गटांत, छोट्या कारखान्यांत अशी टूलं तयार होत आहेत. ज्यांना थोडंफार कोडिंग येतं ते लिहितात, ज्यांना येत नाही ते एआयकडूनच लिहून घेतात. शीट प्रत्येकाकडे आहे. 1979 मध्ये व्हिजिकॅल्क आलं तेव्हापासून जगाचा निम्मा हिशेब याच चौकटींच्या जाळ्यात बसला आहे असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती नाही. त्या जाळ्यात आता माणसाऐवजी एजंट लिहायला बसतो आहे. त्याच्या हातात तुम्ही जे टूल देता, त्याची माहिती नीट लिहा, एवढीच माझी मागणी आहे. पण 'नीट' म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय मागणी अर्धवट राहील.

आधी वाचणारा कोण ते समजून घ्या. पूर्वी मी पुस्तिका लिहायची ती माणसासाठी. माणूस ती पूर्ण वाचत नाही. चाळतो, अडलं की शेजारच्या टेबलावर विचारतो, नाहीतर फोन करतो. शंका आली की हात थांबतो. गट क्रमांकाच्या जागी 12 मार्च उमटलेलं दिसलं असतं तर मंडळाच्या कारकुनाने तिथेच कपाळाला हात लावला असता. एजंट वेगळा वाचक आहे. तो वर्णनातला शब्द न् शब्द वाचतो आणि खरा मानतो. जे लिहिलेलं नाही ते अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज खात्रीच्या सुरात पुढे रेटतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली पद्धत जाहीर केली, आणि आता बरीच टूलं त्याच पद्धतीने एजंटला जोडली जातात. त्यात टूलचं नाव, वर्णन आणि त्याला काय काय द्यायचं याचा तक्ता मॉडेलपुढे येतो. आतला कोड येत नाही. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या त्या चार ओळी हीच त्याची पुस्तिका, हेच त्याचं प्रशिक्षण आणि हेच त्याचं शेजारचं टेबल. नंतर या पद्धतीत आणखी काही खुणा आल्या: हे टूल फक्त वाचतं का, जुनं काही पुसू शकतं का, पुन्हा चालवलं तर काही बिघडतं का. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते लिहिणारं आणि पुसू शकणारं आहे असं धरायचं, असा तिथला नियम आहे. नियम शहाणपणाचा आहे. पण त्या खुणा निव्वळ इशारे आहेत, वर्णनाची जागा त्या घेत नाहीत.

आता त्या 12/3 कडे परत येते, कारण लिहिणाऱ्या टूलच्या माहितीत सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट तीच आहे.

गूगल शीटमध्ये प्रोग्रॅममधून लिहायचे दोन मार्ग आहेत. एकाला म्हणतात 'रॉ', म्हणजे जसं दिलं तसं ठेव. दुसऱ्याला म्हणतात 'युजर एंटर्ड', म्हणजे माणसाने कीबोर्डवरून टाइप केलं असतं तर जे झालं असतं ते कर. दुसऱ्या मार्गाने गेलं की शीट आपली अक्कल चालवतं. 12/3 ची तारीख होते. बँकेच्या खाते क्रमांकातलं पुढचं शून्य उडतं. बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर सूत्र होतो. हे शेवटचं धोक्याचं आहे, कारण एखाद्या बाहेरच्या माणसाने फॉर्ममध्ये नावाच्या जागी सूत्र भरून पाठवलं, तर ते तुमच्या शीटमध्ये चालू लागतं, आणि शीटमधली माहिती बाहेर पाठवणारी सूत्रंही असतात. एक्सेलमध्ये आणखी एक अडचण आहे. संख्येचे पहिले 15 अंकच तिथे खरे राहतात. 16 अंकी कार्ड क्रमांक संख्या म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि 12 अंकी आधार क्रमांक साध्या रकान्यात घातांकाच्या रूपात दिसू लागतो.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. जनुकांना नावं देणारी जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिला काही मानवी जनुकांची नावंच बदलावी लागली. 'मार्च 1' आणि 'सेप्ट 1' अशी लघुनावं शास्त्रज्ञ एक्सेलमध्ये टाकायचे आणि त्यांची तारीख व्हायची. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या शोधनिबंधांसोबत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडल्या होत्या त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका आढळल्या. 2020 मध्ये समितीने नवे नियम छापले आणि ती नावं बदलली. एक्सेलमध्ये असं आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय 2023 मध्ये आली. शास्त्रज्ञांना जनुकाचं नाव बदलता आलं. आपल्याला गट क्रमांक बदलता येत नाही.

म्हणून पहिली विनंती: तुमचं टूल दिलेलं जसंच्या तसं ठेवतं, की शीटला त्याचा अर्थ लावू देतं, हे वर्णनात पहिल्या दोन ओळींत लिहा. कुठला रकाना मजकूर, कुठला संख्या, कुठला तारीख हे लिहा. तारीख कुठल्या क्रमाने द्यायची ते उदाहरणासह लिहा. शीटची भाषा-प्रदेशाची सेटिंग अमेरिकेची असेल तर हेच 12/3 तिथे 3 डिसेंबर होतं.

संख्येचं एकक तर विसरूच नका. आपला शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यांत, सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. रकान्याचं नाव नुसतं 'क्षेत्र' ठेवलं आणि माहितीत एकक लिहिलं नाही, तर एखाद्या अर्जातले 40 गुंठे शीटमध्ये 40 हेक्टर म्हणून बसतात. एक एकराची बाग जवळजवळ शंभर एकरांची होते. एजंटला यात काही खटकत नाही, कारण 40 हा आकडा त्याच्या दृष्टीने अगदी ठीक आहे.

मराठी रकान्यांची एक खास अडचण आहे, ती इंग्रजी पुस्तिकांत कुठे सापडणार नाही म्हणून इथे सविस्तर सांगते. 'शेतकऱ्याचं नाव' या शीर्षकातला 'ऱ्या' संगणकात दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, प्रोग्रॅमला ती दोन वेगळी शीर्षकं वाटतात. तुमचं टूल शीर्षकाच्या नावावरून रकाना शोधत असेल तर ते 'असा रकाना नाही' म्हणून परत येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याच नावाचा नवा रकाना शेवटी जोडून मोकळं होईल. देवनागरी १२ आणि हा 12 हीसुद्धा प्रोग्रॅमसाठी वेगवेगळी अक्षरं आहेत. 'गट क्र.' आणि 'गट क्रमांक' यांचीही तीच कथा. रकान्यांची नेमकी नावं शीटमधून कॉपी करून वर्णनात चिकटवा, हाताने पुन्हा टाइप करू नका. अंक कुठल्या लिपीत हवेत ते सांगा. आणि टूलने शीर्षक सापडलं नाही तर काय करायचं ठरवलं आहे तेही सांगा.

कुठे लिहितो, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. गूगलच्या सेवेत ओळ जोडण्याची जी क्रिया आहे ती तुम्ही दिलेल्या जागेत आधी एक तक्ता शोधते आणि त्याच्या शेवटच्या ओळीनंतर लिहायला लागते. मध्ये कुणी एक ओळ रिकामी सोडली असेल तर तक्ता तिथेच संपला असं तिला वाटू शकतं. आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ती खाली आधीपासून जे असेल त्यावरच लिहिते, नव्या ओळी सरकवून जागा करत नाही. आपल्याकडे तक्त्याखाली एक ओळ सोडून 'एकूण', 'तपासणाऱ्याची सही', 'टीप' असं लिहायची पद्धत आहे. पाच ओळी जोडल्या की ते सगळं झाकलं जातं. तुमचं टूल यातलं काय करतं, हे तुम्हाला स्वतःला माहीत आहे का? नसेल तर आधी करून पाहा. माहिती लिहायला बसलं की आपल्यालाच आपलं टूल पूर्ण कळलेलं नाही हे लक्षात येतं. मला तरी या कामाचा सर्वांत मोठा फायदा तोच वाटत आला आहे.

दुसरा घोटाळा त्याच यादीत झाला होता. 23 बागा दोनदा नोंदल्या होत्या. एजंटने ओळी पाठवल्या, त्या शीटमध्ये पडल्या, पण इंटरनेटमुळे पोच परत आली नाही. वेळ संपली अशी एरर आली. एजंटने साहजिकच पुन्हा पाठवल्या. त्याचं यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण टूलने त्याला कुठेच सांगितलं नव्हतं की पोच न येणं म्हणजे काम न होणं असं नाही.

पुन्हा चालवलं तर काय होतं, हे वाक्य लिहिणाऱ्या प्रत्येक टूलच्या वर्णनात असायलाच हवं. सर्वांत चांगलं म्हणजे प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर टूलने नवी ओळ जोडू नये. एवढं करायला वेळ नसेल तरी हरकत नाही. मग खरं ते लिहा: हे टूल दोनदा चालवलं तर ओळ दोनदा पडते, पोच आली नाही तर आधी शोधून पाहा आणि मगच पुन्हा पाठवा. कोडमधली एक ओळही न बदलता, नुसत्या या वाक्याने आमच्या त्या 23 दुहेरी नोंदी टळल्या असत्या.

मर्यादा लिहायला लोक कचरतात. आपल्या टूलची कमतरता जाहीर कशाला करायची असं वाटतं. याची किंमत इंग्लंडने 2020 मध्ये मोजली. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून पब्लिक हेल्थ इंग्लंडकडे यायचे, आणि ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतले जायचे. त्या फाइलमध्ये 65,536 ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. जास्तीच्या ओळी बाहेर राहिल्या. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या आठवडाभरात 15,841 रुग्ण रोजच्या आकड्यांत धरले गेले नाहीत. ज्यांची चाचणी झाली त्यांना निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचं काम उशिरा सुरू झालं. ओळी मावत नाहीत हे कुणाला दिसलं असतं तर दहा मिनिटांत दुसरी फाइल उघडली असती.

तुमच्या टूलच्या मर्यादा इतक्या मोठ्या नसतील. पण आहेत. गूगल शीट्सची सेवा एका वापरकर्त्याला मिनिटाला साधारण 60 लिहिण्याच्या विनंत्या करू देते. एजंट एकेक ओळ वेगळी पाठवायला लागला की ती हद्द मिनिटभरात येते, मग काही ओळी जातात आणि काही जात नाहीत. एका विनंतीत अनेक ओळी पाठवता येतात हे वर्णनात लिहिलं तर तो तसं करेल. 60 पैकी 37 ओळी गेल्या आणि मग अडलं, तर त्या 37 राहतात की सगळ्याच मागे घेतल्या जातात, हेही लिहा.

रिकाम्या जागेबद्दलही एक ओळ हवी. गूगलच्या सेवेत 'काहीच दिलं नाही' आणि 'रिकामा मजकूर दिला' यांत फरक आहे. पहिल्यात जुनं तसंच राहतं, दुसऱ्यात जुनं पुसलं जातं.

त्या मुलाबरोबर मी एका रविवारी बसले. शेजारी सातबाऱ्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा, समोर लॅपटॉप. 'शीटमध्ये डेटा लिहितो' या तीन शब्दांच्या जागी आम्ही जे लिहिलं ते इथे देते. जसंच्या तसं उचला आणि तुमच्या कामाप्रमाणे बदला.

"'प्लॉट नोंदी' शीटच्या 'चालू हंगाम' टॅबमध्ये शेवटच्या भरलेल्या ओळीखाली नव्या ओळी जोडतं. जुनी ओळ बदलत नाही, पुसत नाही. दुरुस्तीसाठी 'नोंद दुरुस्त करा' हे वेगळं टूल वापरा. एका वेळी जास्तीत जास्त 50 ओळी. सगळ्या ओळी जातात, नाहीतर एकही जात नाही. गट क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल हे मजकूर म्हणून जसेच्या तसे लिहिले जातात: 12/3 हे 12/3 राहतं, पुढचं शून्य राहतं, बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर सूत्र होत नाही. क्षेत्र हेक्टरमध्ये द्या, उदाहरणार्थ 0.40. कागदावर गुंठे किंवा एकर असतील तर रूपांतर करू नका, 'मूळ क्षेत्र' या रकान्यात कागदावर आहे तसं लिहा आणि 'क्षेत्र' रिकामं ठेवा. तारीख 2025-03-12 अशी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कागदावर जे वाचता येत नाही ते अंदाजाने भरू नका. नोंद क्रमांक आधीच असेल तर नवी ओळ जोडली जात नाही, जुन्या ओळीचा पत्ता परत मिळतो. पोच आली नाही तर त्याच नोंद क्रमांकाने पुन्हा पाठवा. उत्तरात किती ओळी लिहिल्या आणि कुठल्या ओळीपासून कुठपर्यंत ते मिळतं."

लिहायला तासभरही लागला नाही. पण त्यातली तीन वाक्यं खरी करायला मुलाला नंतर दोन दिवस कोड सुधारावा लागला. हे मुद्दाम सांगते आहे. जे टूल करत नाही ते वर्णनात लिहू नका. माणूस जाहिरातीतली अतिशयोक्ती ओळखतो आणि सोडून देतो. एजंट त्यावर विसंबून पुढचं काम करतो.

एररचा मजकूर हासुद्धा माहितीचाच भाग आहे, तो मागून कसाबसा लिहायची गोष्ट नाही. 'चुकीची विनंती' एवढं परत आलं तर एजंट काहीतरी बदलून पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. 'तारीख 12/03/25 अशी आली, 2025-03-12 अशी हवी, एकही ओळ लिहिलेली नाही' असं आलं तर तो एका फेरीत सुधारतो. परवानगीचंही तसंच. शीट ज्या खात्याने उघडायचं त्या खात्याला लिहिण्याची परवानगी दिलेली नसेल तर एररमध्ये तेच सांगा, आणि परवानगी देणं हे माणसाचं काम आहे, एजंटने यासाठी दुसरी वाट शोधू नये, असंही सांगा.

आपल्या महसूल खात्याची जुनी पद्धत मला या संदर्भात फार मोलाची वाटते. सातबाऱ्यात बदल करायचा तर तलाठी थेट सातबाऱ्यावर लिहीत नाही. आधी गाव नमुना 6 मध्ये फेरफार नोंदवला जातो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतर ती सातबाऱ्यावर येते. कोणता बदल कधी आणि कशाच्या आधारावर झाला हे फेरफार क्रमांकावरून पन्नास वर्षांनीही काढता येतं. तुमच्या टूललाही असा एक फेरफाराचा टॅब द्या: वेळ, कुठली ओळ, आधी काय होतं, आता काय आहे, कोणाच्या सांगण्यावरून. आणि जमलं तर 'काय लिहिणार ते फक्त दाखव, लिहू नकोस' अशी सोय ठेवा. या दोन्ही गोष्टी टूलमध्ये असल्या तरी वर्णनात नसतील तर एजंट त्या वापरणार नाही.

आता जे टूल बनवत नाहीत, नुसतं वापरतात, त्यांच्यासाठी. तुम्ही सोसायटीचे खजिनदार असाल, शाळेत यादी ठेवत असाल, दुकानाचा साठा शीटमध्ये असेल, आणि कुणीतरी येऊन सांगत असेल की आता एजंट सगळं भरेल, तर घाबरू नका आणि भाळूही नका. त्याच्याकडून टूलचं वर्णन मागून घ्या. ते तुम्हाला समजलं पाहिजे, कारण ते साध्या भाषेतच लिहिलेलं असतं. न समजलं तर सरळ विचारा: हे जुन्या ओळीवर लिहितं का? दोनदा चाललं तर काय? अर्ध्यात अडलं तर काय? उत्तर अडखळत आलं तर अजून शीटची किल्ली देऊ नका.

मग शीटची एक प्रत काढा आणि त्या प्रतीवर पाच वाईट नोंदी चालवून पाहा. एक 7/12 लिहिलेली. एक शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाची. एक नावाच्या जागी बरोबरचं चिन्ह असलेली. एक अर्धी रिकामी. आणि एक तीच ती दोनदा. पाचही जशा हव्या तशा पडल्या तर खऱ्या शीटवर चालवा. गूगल शीटमध्ये आवृत्तीचा इतिहास असतो, त्यातून कालची स्थिती परत आणता येते. ती कशी आणायची ते काम सुरू करण्याआधी एकदा करून पाहा. आणि ज्या रकान्यांत क्रमांक असतात, मग तो गट असो, खातं असो की मोबाइल, ते रकाने आधीच 'साधा मजकूर' या प्रकारात बदलून ठेवा. हे कुणालाही, आत्ता, कसलंही कोडिंग न येता करता येतं.

आमच्या यादीतल्या 41 पैकी 37 नोंदी कागद पाहून दुरुस्त झाल्या. चार शेतकऱ्यांच्या सातबाऱ्याची प्रत मंडळाकडे नव्हती, आणि शीटमधला आकडा पाहून तो मूळ 4/1 होता की 04/01 लिहिलेलं काही दुसरंच होतं हे सांगता येत नव्हतं. त्या चौघांच्या घरी मुलगा स्वतः मोटरसायकलवर जाऊन आला. चौथं घर 26 किलोमीटरवर होतं.

तुमच्याकडे शीटमध्ये लिहिणारं टूल असेल तर आज रात्री झोपण्याआधी त्याच्या वर्णनाची ओळ उघडा. ती दहा शब्दांपेक्षा लहान असेल, तर टूल उद्या बंद ठेवा, आधी वर्णन पूर्ण करा, आणि मगच एजंटला कामाला लावा.